उजवं पुढचं चाक

मोरेश्वर केळुसकरला फोटो काढताना माणसं हलवायची खोड होती. बारसं असो, बार्बेक्यू असो, याचं सुरूच. "काका, जरा इकडे सरका. उजेड इकडून येतोय." मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या आमच्या गणपतीत त्याने एकदा भर आरतीत भटजींना खिडकीकडे तोंड करायला लावलं होतं. देवाकडे पाठ होतेय म्हणून भटजी चिडले, तर हा शांतपणे म्हणाला, "मग गणपतीलाही थोडा सरकवू या." सगळा हॉल हसला. मीही हसलो. आता कुणी फोटो काढताना 'इकडे सरका' म्हणालं की मी तिथून उठून जातो.

मोरेश्वर मूळचा कुडाळचा, इंजिनिअरिंग सांगलीत केलेलं. १९९८ साली तो मिशिगनला आला आणि माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसू लागला. आम्ही दोघंही गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या करायचो. मी नागपूरचा, त्यामुळे मला बोलायला लागतं आणि तो पडला मितभाषी. वर्षभर मी त्याच्याशी एकतर्फीच गप्पा मारल्या. मग एके दिवशी त्याने टेबलावर फोटोंचं एक पाकीट ठेवलं. आत सगळ्या जुन्या गाड्या. बुटक्या, उघड्या, तारांची चाकं असलेल्या. मागची झाडं पार पुसून गेलेली आणि मधोमध गाडी अशी लख्ख, की तिच्यात बसलेल्या म्हाताऱ्याच्या मिशांचे केससुद्धा मोजावेत.

"हे तू काढलेस?" मी विचारलं.

"हो. रविवारी येतोस?"

अशा रीतीने मी त्या नादाला लागलो. म्हणजे शर्यतींच्या नव्हे, त्याच्याबरोबर जाण्याच्या. आमच्याकडून पाऊण तासावर एक छोटा रेस ट्रॅक होता. उन्हाळ्यात तिथे जुन्या गाड्यांच्या शर्यती भरायच्या. गाड्या पन्नास-साठ सालातल्या आणि त्या चालवणारे त्यांच्याहूनही जुने. कुणी निवृत्त दातांचा डॉक्टर, कुणी शेतकरी, कुणी शाळामास्तर. जिंकायची घाई फारशी कुणालाच नव्हती. शर्यत संपली की सगळे एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभे राहायचे.

मी जाळीच्या बाहेर गवतावर बसायचो, शरयूवहिनींनी दिलेली थालीपीठं खात. शरयूवहिनी म्हणजे मोरेश्वरची बायको. मोरेश्वर मात्र जाळीच्या आत, ट्रॅकच्या काठावर. त्यासाठी सकाळी एका कागदावर सही करावी लागे की मेलो तर माझी जबाबदारी माझ्यावर. मग एक नारिंगी बनियनवजा जाकीट मिळायचं. ते अंगात असेल तरच आत. आतले नियमही कडक. गवतावर पांढरी रेघ मारलेली असे, ती ओलांडायची नाही. ट्रॅककडे पाठ करायची नाही. खाली बसायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ड्रायव्हरला कधीही हात करायचा नाही. ड्रायव्हरला खुणा करण्याचं काम वळणावळणावर उभ्या असलेल्या झेंडेवाल्यांचं. फोटोग्राफरने हात हलवला तर ड्रायव्हरचं लक्ष उडतं. तसं कुणी केलं की जाकीट काढून घेत आणि पुन्हा देत नसत.

फोटो काढायची त्याची पद्धतही मी तिथेच शिकलो, म्हणजे बघून. गाडी लांबून येताना दिसली की कॅमेरा तिच्यावर धरायचा आणि तिच्याबरोबर कमरेतून वळत जायचं. वळता वळता मध्येच बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळत राहायचं. शटर मुद्दाम हळू ठेवायचं. छत्तीसच्या रोलमध्ये चार फोटो धड यायचे.

"अरे, मग शटर फास्ट ठेव ना यार," मी एकदा म्हणालो. "सगळेच क्लिअर येतील."

"मग गाडी पार्किंग लॉटमध्ये उभी असल्यासारखी दिसते. चाक फिरताना दिसलं पाहिजे, संजय."

प्रत्येक फोटोची तो एका छोट्या वहीत नोंद करायचा. कितवा फोटो, काय, उजेड कुठून. जगाने डिजिटल कॅमेरे घेतले तरी हा रोल आणि वही घेऊन हिंडत होता. मी चेष्टा केली की म्हणायचा, "हाताने लिहिलं की आपण काय केलं ते कळतं." पुढच्या शर्यतीला तो ज्याचे त्याचे फोटो ज्याला त्याला नेऊन द्यायचा, फुकट. त्यामुळे तिथले सगळे म्हातारे त्याला ओळखत. त्यांच्या तोंडात त्याचं नाव 'मोरी' झालं होतं. कोकणातल्या माणसाला मोरी म्हणतात याचं मला कोण हसू यायचं.

या सगळ्यांत त्याचा जीव जडला होता तो लायलवर. लायल व्हॅन्डरमोलेन, वय अडुसष्ट, शाळेत मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवून निवृत्त झालेला. १९५८ सालची एक हिरवी ब्रिटिश गाडी त्याने कुणाच्या तरी गोठ्यातून कोंबड्यांच्या विष्ठेखालून काढली होती आणि अकरा वर्षं खपून उभी केली होती. बायको नॉर्मा. मुलीचा नवरा डग हा त्याचा एकमेव मदतनीस. मोरेश्वरचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण लायलच्या शेजारी उभा असला की हा गडी वीस वर्षांचा दिसायचा.

त्या गाडीचं चाक आपल्यासारखं चार-पाच नटांवर बसत नाही. मधोमध एकच मोठा नट, दोन कान असलेला. तो हाताने फिरवून बसवायचा आणि मग त्या कानांवर शिशाच्या हातोड्याने ठोके द्यायचे, तेव्हा कुठे चाक पक्कं. चाकं चढवायचं, नट हाताने फिरवायचं काम डगचं. हातोडा मात्र लायलचा. तो दुसऱ्या कुणी धरायचा नाही. शर्यतीआधी लायल गाडीभोवती ठरलेल्या क्रमाने एक फेरी मारायचा. डावं पुढचं, डावं मागचं, उजवं मागचं, शेवटी उजवं पुढचं. प्रत्येकाला तीन ठोके. ना बोलणं, ना इकडेतिकडे बघणं. मोरेश्वर त्याला उलटी प्रदक्षिणा म्हणायचा.

आणि एक गोष्ट. शर्यत सुरू झाली की लायल पहिल्या फेरीत मोरेश्वरच्या वळणावर यायचा आणि त्याच्यासमोरून जाताना स्टिअरिंगवरून डाव्या हाताचं एक बोट वर करायचा. फक्त एक बोट. दिसलास रे, एवढंच. मोरेश्वरला उलट हात करायची परवानगी नव्हती, म्हणून हा बटण दाबायचा.

२००४ च्या ऑगस्टमधला शनिवार होता. सकाळीच डगने चारही चाकं उतरवून टायर बदलले होते आणि चाकं पुन्हा चढवून नट हाताने फिरवून ठेवले होते. नॉर्माने आदल्या आठवड्यात मोरेश्वरला हळूच सांगितलं होतं की आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतील, मला हातोडा घेतलेल्या लायलचा एक छान फोटो हवाय. त्यामुळे मोरेश्वर त्या दिवशी नेहमीसारखा लांब उभा नव्हता. लायलच्या मागे मागे फिरत होता.

डावं पुढचं झालं, डावं मागचं झालं, उजवं मागचं झालं. मी तीन हात लांब उभा राहून कॉफी पीत होतो. मला सगळं स्पष्ट आठवतं, कारण मी तेव्हा मनात म्हणालो होतो की आता हा काहीतरी आगाऊपणा करणार.

"लायल," मोरेश्वर म्हणाला, "जरा त्या बाजूला येतोस? उजेड तिकडून येतोय."

म्हातारा हसला. खांद्यावर हातोडा टाकून तो परत डाव्या बाजूला आला, आधीच पक्क्या केलेल्या पुढच्या चाकापाशी वाकला आणि मोरेश्वरकडे बघत तीन ठोके दिले. उन्हात त्याचे पांढरे केस चमकत होते. फोटो झकास येणार हे मलासुद्धा कळलं. तेवढ्यात लाउडस्पीकरवर त्यांच्या गटाला बोलावलं. डग हेल्मेट घेऊन धावत आला. लायलने हातोडा पेटीत टाकला, गाडीत बसला आणि गेला.

मोरेश्वर त्याच्या वळणावर पोचला, मी जाळीबाहेर माझ्या गवतावर. पहिल्या फेरीला हिरवी गाडी आली, बोट वर झालं, मोरेश्वर कमरेतून वळला. मग गाड्या पुढे गेल्या आणि त्याने वही काढली. इथपर्यंत सगळं रोजचं होतं. तो लिहीत होता आणि मी डबा उघडत होतो.

पुढचं त्याने मला त्यानंतर तासाभरातच सांगितलं. त्याने सकाळचे फोटो ओळीने लिहिले. चौदा, डावं पुढचं. पंधरा, डावं मागचं. सोळा, उजवं मागचं. सतरा, डावं पुढचं, उजेड उत्तम. आणि पेन तिथेच थांबलं. चार फोटो, चार ठोकणी, पण चाकं तीनच.

मी बघितलं ते एवढंच की मोरेश्वर पांढऱ्या रेघेच्या कडेने धावतोय. वळणावर झेंडे घेऊन एक बाई उभी होती, तिच्याशी तो हातवारे करून बोलत होता. तिच्या हातात रेडिओ होता. गाडीत बिघाड असला की ड्रायव्हरला काळा झेंडा दाखवतात, मधोमध नारिंगी ठिपका असलेला. पण तो दाखवायचा हुकूम वरून यावा लागतो आणि झेंडा असतो फक्त सुरुवातीच्या रेघेपाशी. बाईने रेडिओवर सांगितलं. तिकडून विचारणा झाली की फोटोग्राफरला नक्की काय दिसलं? मोरेश्वर म्हणाला, दिसलं काही नाही, मला वाटतं उजवं पुढचं चाक ठोकायचं राहिलंय. वाटतं म्हणजे काय, असं तिकडून आलं. त्या बाईचं काही चुकलं नाही. रेडिओवरच्या माणसाचंही नाही. सव्वा मिनिटात जेवढं होऊ शकतं तेवढं त्यांनी केलं. झेंडा दाखवायचं ठरलंसुद्धा, पण तोपर्यंत हिरवी गाडी ती रेघ ओलांडून पुढे आली होती. आता पुढच्या फेरीला.

मग मोरेश्वरने अंगातलं नारिंगी जाकीट काढलं, गवतावरची पांढरी रेघ ओलांडली आणि ट्रॅकच्या अगदी काठावर उभं राहून दोन्ही हातांनी ते हलवायला लागला. गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटत होता. तो मराठीत ओरडत होता. "थांब! अरे थांब, लायल, थांब!" माझ्यापर्यंत आवाज येत होता आणि मी काय केलं? मी हसलो. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला, आता याला हाकलतात. तोंडात थालीपीठ घेऊन मी हसत होतो. ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही.

लायलने त्याला बघितलं. इतक्या वर्षांत मोरीने पहिल्यांदाच हात केला होता. म्हाताऱ्याला काय वाटलं असेल? बहुतेक आनंद झाला असेल. त्याने स्टिअरिंगवरून बोट वर केलं आणि गेला.

पुढचं वळण झाडांच्या मागे होतं. आम्हाला दिसलं काहीच नाही. झाडांवर धूळ चढली आणि एका इंजिनाचा आवाज गळून पडला. एकामागून एक धोक्याचे पिवळे झेंडे उघडत गेले. मोरेश्वर जाकीट हातात धरून तसाच उभा होता.

लायलला हेलिकॉप्टरने नेलं. तासाभराने क्लबचा एक माणूस हातात कागद घेऊन आमच्याकडे आला. चाक सुटून लांब गेलं होतं, नट गवतात सापडला होता. माणूस सभ्य होता. त्याने मोरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुला ते चाक हलताना दिसलं, म्हणून तू सांगितलंस ना?"

मोरेश्वरने माझ्याकडे बघितलं. वही त्याच्या खिशात होती.

"हो म्हण," मी मराठीत म्हटलं.

आणि तो हो म्हणाला.

मी तसं का म्हटलं याची कारणं माझ्याकडे तेव्हा भरपूर होती. त्याच्या ग्रीन कार्डची फाइल दोन वर्षं अडकून पडली होती. शरयूवहिनी त्याच्या व्हिसावर, त्यांना नोकरी करायची मुभा नव्हती. या देशात शेजाऱ्याच्या दारातल्या बर्फावर पाय घसरला तरी वकील येतो. आपण इथे पाहुणे, पाहुण्याने घरातल्या भानगडीत तोंड उघडू नये, असं सगळं मी त्याला परतीच्या वाटेवर गाडीत ऐकवलं. खरं कारण एकच होतं. मी घाबरलो होतो, आणि मला माझी भीती त्याच्या नावावर खपवायची होती.

लायल वाचला. पण बोलणं गेलं, उजवी बाजू गेली आणि त्याला किती समजतं हे कुणालाच सांगता येईना. नॉर्माने त्याची खुर्ची हॉलमधल्या मोठ्या खिडकीपाशी लावली. चार महिन्यांनी मोरेश्वर त्याला भेटायला गेला, तर लायलने त्याच्याकडे बघून डाव्या हाताचं बोट वर केलं. नॉर्मा रडायलाच लागली. अपघातानंतर त्याने कुणालाही केलेली ती पहिली खूण होती. डॉक्टरांनाही त्याने बोट दाखवलं नव्हतं, मुलीलाही नाही.

हिवाळ्यात क्लबच्या जेवणात मोरेश्वरला लाकडी पाटी दिली. सावध नजरेबद्दल आणि धैर्याबद्दल. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हा जेवणाच्या ताटाकडे बघत होता. घरी आल्यावर त्याने पाटी कपाटात, बॅगांच्या मागे टाकली. कॅमेराही तिथेच ठेवला. त्यानंतर आमच्याकडच्या कुठल्याच समारंभात कुणाला कुणी हलवलं नाही. बायका म्हणायच्या, "मोरेश्वरभावजी आता फोटो का नाही काढत?" शरयूवहिनी चहाचे कप गोळा करायला उठायच्या.

नॉर्माने त्या दिवशीचा शेवटचा फोटो मागितला. पहिल्या फेरीतला, बोट वर केलेला. मोरेश्वरने तो मोठा करून दिला. तिने तो हॉलमध्ये, लायलच्या खुर्चीसमोर लावला. "बघ ना," ती म्हणाली, "चाक किती छान फिरतंय." तेच चाक होतं ते. शटर हळू ठेवलेलं, त्यामुळे तारा, नट, नटाचे कान सगळं विरघळून एक सुंदर गोल झालं होतं. आत काय ढिलं आहे ते दिसणं शक्यच नव्हतं.

आणि डग. चाकं त्याने चढवली होती. क्लबच्या अहवालात एवढंच होतं की नट पक्का केलेला नव्हता. लायलने हातोडा मारल्याचं डगने ऐकलं होतं, ठोके मोजले नव्हते, तो हेल्मेट आणायला गेला होता. त्यालाही स्वतःची खात्री उरली नाही. कोण सांगणार? ज्याला माहीत होतं त्याला बोलता येत नव्हतं, आणि दुसऱ्या ज्याला माहीत होतं त्याला मी गप्प केलं होतं. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांसमोर नॉर्मा डगला म्हणाली की एक नट घट्ट करायचा होता, तेवढंही तुला जमलं नाही. २००६ मध्ये डग आणि त्यांची मुलगी वेगळे झाले. तो इंडियानात कुठेतरी गोदामात कामाला लागला. हातात पाना धरत नाही म्हणे. हेही मोरेश्वरला नॉर्मानेच सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात, त्याला ॲपल पाय वाढताना.

कारण मोरेश्वर दर रविवारी तिथे जायचा. हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ उपसायचा, उन्हाळ्यात गवत कापायचा. दर रविवारी तो सांगायलाच जायचा. सोमवारी ऑफिसात मी विचारायचो, "सांगितलंस?"

"तिची बहीण आली होती."

"तिला बरं नव्हतं."

"लायलने बोट वर केलं रे. मग मला नाही जमलं."

मला त्याचा राग यायचा. सांगायचं नसेल तर जाऊ नकोस, जायचं असेल तर सांग, हे असं लोंबकळत राहणं कुठल्या गावचं? असं मी त्याला बोललोही, आणि तो शांतपणे म्हणाला, "तूच म्हणालास ना, कार्ड येऊ दे."

शरयूवहिनींनी मला एकदा दारातच पकडलं. "संजयभावजी," त्या म्हणाल्या, "हे झोपेत चाकं मोजतात. तुम्ही त्यांना हो म्हणायला लावलंत, आता तुम्हीच नाही म्हणायला लावा." मी म्हटलं, वहिनी, थोडेच दिवस, फाइल पुढे सरकलीय.

२००७ च्या सप्टेंबरात कार्डं आली. शरयूवहिनींनी शिरा केला. मोरेश्वरने चमचा हातात घेतला आणि खाली ठेवला. "रविवारी तू चल," तो मला म्हणाला. "गाडी तू ड्राइव्ह कर."

आम्ही पोचलो तेव्हा लायल खिडकीत होता. बोट वर झालं. मोरेश्वर नेहमीप्रमाणे त्याच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला नाही. थेट स्वयंपाकघरात गेला आणि टेबलावर वही उघडून ठेवली. नॉर्माला मराठी वाचता येत नव्हती, म्हणून तो एकेका ओळीवर बोट ठेवून इंग्रजीत सांगत गेला. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. "मी त्याला डाव्या बाजूला ये म्हणालो," तो म्हणाला. "उजेडासाठी. शेवटचं चाक राहिलं. मला चाक हलताना दिसलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मला मध्ये बोलायचं होतं, की खोटं मी बोलायला लावलं. मी तोंड उघडलं आणि नॉर्माने हात वर करून मला थांबवलं. त्या हाताचा मी मनातून आभारी झालो, याची मला आज लाज वाटते.

तिने त्या चार ओळींवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाली, "फोटो मीच मागितला होता."

"नाही, नॉर्मा, तसं नाही..."

"डगने चाकं लायलने शिकवल्यासारखीच चढवली होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. तू माझ्या या टेबलावर बसून ऐकलंस. तीन वर्षं, मोरी. माझ्या हातचा ॲपल पाय खात."

इतकी वर्षं मोरेश्वरला वाटत होतं की सांगितलं की सुटका होईल, तिची, डगची, निदान स्वतःची. सांगून झालं होतं आणि कुणाचीच सुटका झाली नव्हती.

"ही वही मी ठेवून घेते," नॉर्मा म्हणाली. "डगला पाठवायची आहे. आणि रविवारी आता येऊ नकोस."

"तो फोटो काढून नेऊ का?" मोरेश्वरने विचारलं.

तिने हॉलकडे बघितलं. "नको. तो दिवसभर त्याच्याकडेच बघत असतो."

आम्ही हॉलमधून न जाता मागच्या दाराने बाहेर पडलो. गाडी समोरच्या अंगणात लावली होती, त्यामुळे वळसा घालून खिडकीसमोरूनच यावं लागलं. मी गाडीत बसलो. मोरेश्वर दाराला हात लावून थबकला. खिडकीत लायल होता. आमच्याकडे बघून त्याने बोट वर केलं, नेहमीसारखं. नॉर्मा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्याचा हात खाली घेतला नाही आणि पडदाही ओढला नाही. ती फक्त मोरेश्वरकडे बघत होती.

मोरेश्वरचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी ट्रॅकवर बघितलं होतं तसंच. काय करू, हे तो मला विचारत होता. लायलचं बोट अजून वर होतं. या वेळी मी समोर काचेकडे बघितलं. मी गाडी सुरू केली.